साहिल, स्वाहिली आणि आपली मुले

निघोजे-चाकणच्या कारखानदारी पट्ट्यात शिकणाऱ्या आपल्या मुलांपैकी अनेकांनी समुद्र चित्रातच पाहिलेला असतो. आफ्रिका म्हटले की त्यांच्यापुढे सिंह, जंगल आणि दुष्काळ एवढेच उभे राहते. म्हणून तिथल्या किनाऱ्याचा धडा शिकवताना आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक शब्दांपासून सुरुवात करतो.

‘साहिल’ म्हणजे किनारा. त्याच्या ‘सवाहिल’ या अरबी अनेकवचनावरून पूर्व आफ्रिकेतील ‘स्वाहिली’ हे नाव आले. भाषेचा सांगाडा बांटू कुळातला, खास आफ्रिकी. पण तीत पुस्तक ‘किताबू’ आहे, समुद्र ‘बहारी’, शिक्षक ‘म्वालिमू’ आणि जहाजाचा कप्तान ‘नहोधा’. हा नहोधा म्हणजे फारसीतला नाखुदा, आपल्या कोकणचा नाखवा.

हे शब्द वाऱ्याबरोबर फिरले. हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्यांवर अरबस्तान-हिंदुस्थानातून गलबते आफ्रिकेकडे जात आणि नैर्ऋत्य वारे सुरू झाले की परतत. स्वाहिलीत या वाऱ्यांना ‘कासकाझी’ व ‘कुसी’ म्हणतात. १३३१ च्या सुमारास इब्न बतूता या किनाऱ्याने किल्वापर्यंत गेला. मोंबासाचे लोक मुख्यतः केळी आणि मासे खातात, अशी नोंद त्याने केली आहे.

हे मासे पकडणारे लोक इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच भेटतात. ओंडका कोरून, दोन्ही बाजूंना तरंगती लाकडे बांधलेली त्यांची होडी ‘न्गालावा’. कोकणातल्या उलांडीच्या होडीची ती नातलगच. झांजिबारला ओहोटीच्या वेळी बायका प्रवाळाच्या खडकांत ऑक्टोपस शोधतात. ‘डागा’ ही बारीक मासळी उन्हात वाळवतात. आठवडे बाजारात सुकट आणि सुके बोंबील पाहिलेल्या मुलांना हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

पण याच किनाऱ्यावर माणसेही विकली जात. झांजिबारचा गुलामांचा बाजार १८७३ मध्ये बंद झाला. त्या धंद्यात अरब मुसलमान व्यापारी होते, त्यांना पैसा पुरवणारे हिंदुस्थानी सावकार होते, युरोपीय खरेदीदारही होते. दीनी नात्याचा अभिमान सांगताना हे पान गाळले, तर तो इतिहास राहत नाही.

हे पान आपल्या घरापर्यंतही येते. हबशात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर दख्खनमध्ये आला. चाकणचा संग्रामदुर्ग एके काळी ज्या निजामशाहीत होता, तिचाच तो पुढे वजीर झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. जंजिऱ्यावर आफ्रिकी वंशाच्या सिद्दींची सत्ता १९४८ पर्यंत टिकली. ‘जंजिरा’ हा शब्दही ‘जजीरा’, म्हणजे बेट, यावरूनच आला.

तरीही आपल्याच वस्तीत सावळ्या मुलाला ‘हबशी’ म्हणून चिडवले जाते. हजरत बिलाल हबशी होते. मक्केत छळ सोसणारे पहिले मुसलमान इ.स. ६१५ च्या सुमारास तांबडा समुद्र ओलांडून गेले, तेव्हा त्यांना आसरा दिला तो हबशाच्या ख्रिस्ती राजाने, नजाशीने. ज्या देशाचे आपल्यावर एवढे उपकार, त्याचे नाव आपल्या तोंडी शिवी व्हावे, हे शाळेने आणि घरानेही थांबवले पाहिजे.

शाळांनी सहल काढायची तर एखादे वर्ष मुरूडला काढावी. राजापुरीच्या धक्क्यावर मुलांनी नाखव्याला वाऱ्यांची आणि होडीच्या भागांची नावे विचारावीत, वहीत उतरवून घ्यावीत. मग आफ्रिकेचा नकाशा उघडावा.