नवी डर्ट बाईक लवकर स्टार्ट होत नाही? इंजिन उघडण्याआधी हे तपासा

शहापूरहून माहुलीच्या पायथ्याकडे जा किंवा मुरबाड-टोकावडे मार्गे माळशेजकडे, हायवे सोडला की लाल मातीच्या वाटा, ओढे आणि भातखाचरांचे बांध सुरू होतात. अशा रस्त्यांसाठी घेतलेली नवीकोरी गाडी सकाळी दहा वेळा सेल्फ मारूनही उठत नसेल, तर पहिली शंका येते ती इंजिनवर. पण नव्या गाडीत दोष इंजिनच्या आत असण्याची शक्यता सगळ्यात कमी असते. बहुतेक वेळा गडबड असते स्विचमध्ये, बॅटरीत, पेट्रोलमध्ये किंवा एअर फिल्टरमध्ये. या चारही गोष्टी घरच्या घरी तपासता येतात.

थोडक्यात

- फोर-स्ट्रोक इंजिनला स्टार्ट व्हायला चार गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल, ठिणगी आणि कॉम्प्रेशन.
- सोप्यापासून अवघडाकडे जा. आधी स्विच, मग बॅटरी, मग पेट्रोल, हवा आणि प्लग. टॅपेट सगळ्यात शेवटी.
- गाडी पाण्यात बंद पडली असेल, तर सेल्फ किंवा किक अजिबात मारू नका.

आधी ओळखा, गाडी कोणत्या प्रकारची आहे

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतर आलेल्या हीरो एक्सपल्स किंवा रॉयल एनफिल्ड हिमालयनसारख्या, रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांमध्ये फ्युएल इंजेक्शन असतं. पेट्रोल किती सोडायचं हे त्यात कॉम्प्युटर ठरवतो. कावासाकी केएलएक्स १४० सारख्या, फक्त ऑफ-रोडसाठी विकल्या जाणाऱ्या छोट्या गाड्यांमध्ये मात्र कार्ब्युरेटर आणि चोक असतो.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोन्ही गाड्या स्टार्ट करायची पद्धत वेगळी आहे.

- फ्युएल इंजेक्शन: चावी ऑन करा आणि दोन-तीन सेकंद थांबा. टाकीतून पंपाचा बारीक ‘सुंई’ असा आवाज येऊन बंद होईल. मग अॅक्सिलरेटरला हात न लावता सेल्फ मारा.
- कार्ब्युरेटर: पेट्रोल कॉक ऑन करा. इंजिन थंड असेल तर चोक पूर्ण ओढा आणि स्टार्ट झाल्यावर हळूहळू बंद करा. इंजिन गरम असताना चोक ओढू नका, प्लग ओला होईल.
- किक असेल तर: घाईघाईने दहा किका मारून उपयोग नसतो. पायाला जोर लागेपर्यंत किक हळू दाबा, वर येऊ द्या आणि मग एकच पूर्ण किक मारा.

लक्षणावरून दोष कसा ओळखायचा

१. सेल्फ दाबला, पण काहीच हालचाल नाही

किल स्विच बघा. गाडी ट्रेलरवर किंवा टेम्पोत आणली असेल, तर तो हमखास बंद राहिलेला असतो. साइड स्टँड वर आहे का, गाडी न्यूट्रलमध्ये आहे का, हे पाहा. बऱ्याच गाड्यांमध्ये क्लच दाबल्याशिवाय सेल्फ फिरत नाही. साइड स्टँडच्या स्विचवर चिखल वाळून बसला असेल, तर स्टँड वर असूनही गाडीला तो खाली असल्यासारखं वाटतं. स्विच पाण्याने धुऊन पाहा, मग फ्यूज तपासा.

२. नुसती ‘टकटक’ येते किंवा सेल्फ दमल्यासारखा फिरतो

बॅटरी उतरली आहे. गाडी नवी म्हणजे बॅटरी फुल, असं नसतं. ती शोरूममध्ये काही महिने उभी असू शकते. शिवाय खडबडीत वाटांवर हादरे बसून बॅटरीचे टर्मिनल ढिले होतात, त्यामुळे आधी ते आवळा. मल्टीमीटर असेल तर गाडी बंद असताना व्होल्टेज मोजा. साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीत साधारण १२.६ असेल तर ती ठीक आहे, १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करा.

बॅटरी पूर्ण उतरली असेल, तर फ्युएल इंजेक्शनची गाडी धक्का मारूनही सहसा उठत नाही, कारण पेट्रोलचा पंप आणि कॉम्प्युटर दोन्ही बॅटरीवर चालतात.

३. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही

चावी ऑन केल्यावर पंपाचा आवाज येतो का, ते ऐका. गाडी नुकतीच आडवी पडली होती का, हेही आठवा. इंजेक्शनच्या अनेक गाड्यांमध्ये पडल्याची जाणीव होणारा सेन्सर असतो आणि तो इंजिन बंद करतो. गाडी सरळ उभी करा, चावी पूर्ण ऑफ करून पुन्हा ऑन करा. कार्ब्युरेटरच्या गाडीत पडल्यावर पेट्रोल जास्त होतं आणि इंजिन ‘ओव्हर’ होतं. अशा वेळी चोक बंद ठेवून अॅक्सिलरेटर पूर्ण पिळा आणि काही सेकंद सेल्फ मारा. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांतही ही युक्ती चालते, पण आपल्या मॅन्युअलमध्ये खात्री करून घ्या.

सलग पाच सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये अर्धा मिनिट थांबा. नाहीतर एका दोषात उतरलेल्या बॅटरीची भर पडते.

४. स्टार्ट होते आणि लगेच बंद पडते

एअर फिल्टर उघडा. उन्हाळ्यात बारीक धूळ आणि पावसाळ्यात पाणी, दोन्ही हवेची वाट अडवतात. फोमचा फिल्टर असेल तर तो धुऊन पूर्ण वाळवा, फिल्टर ऑइल लावा आणि मगच बसवा. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, तो बदलायचा असतो. टाकीच्या झाकणात किंवा त्याच्या नळीत चिखल गेला असेल, तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल उतरणं थांबतं. झाकण सैल केल्यावर गाडी नीट चालली, तर दोष तिथेच आहे.

पेट्रोलमध्ये पाणी

देशातल्या पंपांवर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर झालं, की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पेट्रोल नेमकं तळातूनच इंजिनकडे जातं, म्हणून टाकी भरलेली असूनही गाडी उठत नाही.

कोकणातल्या दमट पावसाळ्यात महिना-दीड महिना उभ्या राहिलेल्या गाडीत हा धोका जास्त असतो. रस्त्याकडेला बाटलीतून मिळणाऱ्या पेट्रोलमध्येही पाणी किंवा भेसळ असू शकते. शंका आली तर थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला, तर सगळी टाकी रिकामी करा. हे काम उघड्यावर, विडी-सिगारेट आणि चुलीपासून लांब करा.

घाटात हवा विरळ असते, म्हणून?

हे कारण अनेकदा ऐकू येतं. माळशेज घाट समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब साधारण ८ टक्क्यांनी कमी होतो. ताकद किंचित कमी जाणवेल, पण तेवढ्याने चांगली गाडी स्टार्ट व्हायची थांबत नाही.

नव्या इंजिनचा खरा अपवाद: टॅपेट

पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये वाल्व्ह आपल्या जागेवर घट्ट बसत जातात. त्यामुळे टॅपेटमधली ठरलेली फट कमी होऊ शकते. फट संपली की वाल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. अशी गाडी सुरुवातीला छान उठायची आणि आता दर आठवड्याला जास्त त्रास देते. बॅटरी, पेट्रोल, फिल्टर, प्लग सगळं ठीक असूनही असं होत असेल, तर टॅपेट तपासून घ्या. दुर्लक्ष केलं तर वाल्व्ह जळतो आणि खर्च कितीतरी पटीने वाढतो.

म्हणून पहिली सर्व्हिसिंग चुकवू नका आणि टॅपेट तपासले का, हे आवर्जून विचारा. फट इंजिन थंड असतानाच मोजतात. त्यामुळे गाडी आदल्या रात्री सोडणं चांगलं. केएक्स २५० सारख्या ट्रॅकच्या गाड्यांमध्ये सर्व्हिसिंग किलोमीटरवर नव्हे, इंजिन किती तास चाललं यावर ठरते.

ओढ्यात बंद पडली तर

काळू किंवा शाई नदीला मिळणाऱ्या ओढ्यांवर पावसाळ्यात हे सहज घडतं. एअर फिल्टरमधून पाणी सिलेंडरमध्ये गेलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. अशा वेळी सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, आणि पाण्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही.

पाणी वाढत असेल तर आधी स्वतः बाहेर पडा, गाडी नंतर. गाडी सुरक्षित जागी आणल्यावर चावी बंद करा. फिल्टरच्या डब्यातलं पाणी काढा. प्लग काढून गाडी वरच्या गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने फिरवा, सिलेंडरमधलं पाणी प्लगच्या भोकातून बाहेर येईल. त्या वेळी तोंड भोकाजवळ नेऊ नका. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं, तर गाडी चालू न करता टेम्पोने गॅरेजला न्या.

मेकॅनिकला काय सांगाल?

‘गाडी स्टार्ट होत नाही’ एवढंच सांगू नका. त्रास थंड इंजिनला होतो की गरम, सेल्फ कसा फिरतो, गाडी किती किलोमीटर चालली, शेवटचं पेट्रोल कुठे भरलं, गाडी पडली किंवा पाण्यात गेली होती का, हे सांगा. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागत असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. वॉरंटी चालू असताना वायरिंग कापणं किंवा बाहेर इंजिन उघडणं टाळा. तो दावा नाकारायला कंपनीला मिळणारं आयतं कारण ठरतं.