सरावलीच्या खोलीतून संगीत लायब्ररीकडे : डेमो कसा तयार करावा?

१४ एप्रिल जवळ आला की सरावली-बोईसर पट्ट्यातील चाळींतून पेटी-ढोलकीचा आवाज येऊ लागतो. तारापूर एमआयडीसीत कंत्राटावर पाळी करून आलेली मुले रात्री लॅपटॉपवर नवी गाणी बसवतात. जयंती संपली की ती गाणी पेनड्राइव्हमध्ये पडून राहतात. वस्तीत काम करताना या मुलांकडून आम्हाला एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : आमच्या संगीताचे वर्षभर पैसे मिळतील असा काही मार्ग आहे का?

मार्ग आहे, पण तो नीट समजून घेऊनच धरावा. आमच्या ओळखीच्या एका तरुणाने काही वर्षांपूर्वी आपली सहा गाणी एका कंपनीला एकरकमी देऊन टाकली. कागद वाचला नाही, प्रत मागितली नाही. पुढे त्यातलेच एक गाणे त्याने स्वतःच्या चॅनेलवर टाकले, तेव्हा त्यालाच हक्कभंगाची सूचना आली. आपल्या आधीच्या पिढीतील अनेक गायक-शाहिरांच्या वाट्याला कॅसेटच्या काळात हेच आले. नव्या पिढीने तरी ते टाळावे, यासाठी ही माहिती देत आहोत.

संगीत लायब्ररी म्हणजे काय?

मालिका, माहितीपट, जाहिरात किंवा यूट्यूबचा व्हिडिओ करणाऱ्याला पार्श्वसंगीत लागते. प्रत्येक वेळी संगीतकार नेमणे परवडत नाही. म्हणून तो तयार संगीताच्या साठ्यातून हवा तो तुकडा निवडतो आणि वापरण्याचा परवाना विकत घेतो. असा साठा सांभाळून परवाने देणारी संस्था म्हणजे संगीत लायब्ररी. हा धंदा जुना आहे. लंडनची डी वोल्फ ही कंपनी १९०९ साली मूकपटांना वाजवायचे संगीत पुरवण्यासाठी सुरू झाली. आज एपिडेमिक साउंड, आर्टलिस्ट, पाँड-फाइव्ह अशी नावे परदेशात आहेत, तर आपल्याकडे मुंबईत हूपर आहे.

चित्रपटासाठी थेट काम मिळणे ही वेगळी गोष्ट. ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटाला शाहीर संभाजी भगत यांचे संगीत आहे. तिथे दिग्दर्शकाला विशिष्ट माणूस आणि विशिष्ट गाणे हवे होते. लायब्ररीत तसे नसते. तिथे तुमचे नाव कुणी शोधत नाही. ‘हलगी, वेगवान, मोर्चा, दोन मिनिटे’ असे शोधले जाते. म्हणून डेमो करताना ‘मी किती छान गातो’ हे दाखवण्यापेक्षा ‘हा तुकडा कुठल्या दृश्याला लागेल’ याचा विचार आधी करावा.

डेमोत काय असावे?

१. तीन ते पाचच तुकडे पाठवावेत. ऐकणाऱ्याकडे वेळ कमी असतो. सर्वांत चांगला तुकडा पहिला ठेवावा.

२. प्रत्येक तुकडा साधारण दोन-अडीच मिनिटांचा असावा. आपल्या गाण्यांत आधी लांब आलाप, मग शेर, मग मुखडा येतो. मंचावर ते शोभते, इथे नाही. पहिल्या दहा सेकंदांत तुकड्याचा भाव कळला पाहिजे.

३. एका तुकड्यात एकच भाव ठेवावा. शांत, जोशपूर्ण, दुःखी, आशादायक यांपैकी जो असेल तो शेवटपर्यंत टिकवावा. मात्र वाद्ये टप्प्याटप्प्याने वाढवावीत म्हणजे संपादकाला कापायला जागा मिळते.

४. शेवट स्पष्ट असावा. आवाज हळूहळू विरत नेण्यापेक्षा ठाम थाप किंवा सूर देऊन थांबावे.

५. शब्द असतील तर त्याच गाण्याची शब्दांविना आवृत्तीही द्यावी. संवादाखाली गायन चालत नाही, त्यामुळे नुसत्या वाद्यसंगीताला मागणी अधिक असते.

६. शक्य असल्यास ६०, ३० आणि १५ सेकंदांच्या आवृत्त्या तयार ठेवाव्यात. तालवाद्ये, पेटी, बास, आवाज यांच्या वेगवेगळ्या फाइलीही जपून ठेवाव्यात. निवड झाली की त्या मागितल्या जातात.

गिटार आणि पियानोचे संगीत देणारे जगभर आहेत. हलगी, ढोलकी, संबळ, ताशा मनापासून आणि खरे वाजवणारे थोडे आहेत. आपले बळ तिथे आहे. कीबोर्डमधली नकली ढोलकी मात्र पाठवू नये, ती लगेच ओळखू येते.

ध्वनिमुद्रण घरी करताना

सरावलीत शांतता मिळणे हीच मोठी अडचण आहे. कारखान्यांची घरघर, पाळी सुटतानाची वाहने, पश्चिम रेल्वेच्या गाड्यांचे भोंगे हे सगळे माइकमध्ये उतरते. त्यावर साधे उपाय आहेत. खोलीच्या भिंतींना गोधड्या आणि जाड चादरी लावाव्यात. पंखा आणि फ्रिज बंद ठेवावा, मोबाइल फ्लाइट मोडवर टाकावा. आधी एक मिनिट नुसतीच शांतता रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकावी. काय काय शिरते ते कळते. हलगी आणि ताशा लहान खोलीत फुटका आवाज देतात. अशी वाद्ये सुटीच्या दिवशी समाजमंदिरात किंवा शाळेच्या रिकाम्या वर्गात परवानगी घेऊन रेकॉर्ड करावीत.

आवाजाची पातळी इतकी वाढवू नये की तो फाटेल. जयंतीच्या डीजेसाठी करतो तसे सगळे ठोकून मोठे करायचे नसते. मूळ फाइल वेव्ह प्रकारात, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झमध्ये ठेवावी. व्हिडिओच्या कामात हेच प्रमाण सर्रास चालते. ऐकवण्यासाठी ३२० केबीपीएसची एमपी-थ्री पुरते. मेलला जड फाइल जोडू नये. एकच लिंक द्यावी, ती पासवर्डशिवाय उघडावी आणि काही दिवसांत बंद पडणारी नसावी.

फाइलला ‘फायनल न्यू २’ असले नाव देऊ नये. तुकड्याचे नाव, संगीतकाराचे नाव, वेग, भाव, वाद्ये आणि संपर्क ही माहिती फाइलच्या आतही भरावी आणि वेगळ्या तक्त्यातही द्यावी. लायब्ररीत संगीत सापडते ते या शब्दांमुळेच.

मालकी कुणाची?

डेमोपेक्षा महत्त्वाचा भाग हा आहे. एका गाण्यात किमान तीन गोष्टींचे हक्क असतात : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हे तिन्ही स्वतंत्र धरले आहेत. वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांचे कलाकार म्हणून हक्क आणखी वेगळे. लायब्ररीला या सगळ्यांची संमती लागते. म्हणून गाणे झाले त्याच दिवशी एका कागदावर लिहावे : शब्द कुणाचे, चाल कुणाची, कोण काय वाजवले, कुणाचा किती टक्के हिस्सा. सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. मैत्रीत कागद कशाला, असे म्हणणाऱ्यांची मैत्री पैसे आल्यावर तुटताना आम्ही पाहिली आहे.

जुने भीमगीत नव्या ठेक्यावर बसवून पाठवू नये. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे शब्दांचा हक्क चालतो. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या रचनांवरील हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत आहे. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या रचनांचा २०२९ च्या अखेरपर्यंत. ‘समाजाची गाणी आहेत’ ही भावना खरी आहे, पण परवाना विकताना ती चालत नाही. त्रिसरण-पंचशीलाचे पाली शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत. तरी कुणी बांधलेली चाल आणि केलेले रेकॉर्डिंग त्या व्यक्तीचे असू शकते. बाबासाहेबांच्या भाषणाचा तुकडा यूट्यूबवरून उचलून घालणेही टाळावे, कारण ध्वनिमुद्रणाचा हक्क निराळा असतो.

पालघर जिल्ह्यात राहतो म्हणून तारपा आपोआप आपला होत नाही. वारली वादकाचे वादन घ्यायचे तर त्याला कशासाठी ते सांगावे, लेखी संमती घ्यावी, मोबदला द्यावा आणि हिस्स्याच्या कागदावर त्याचे नाव लिहावे. आपल्या कलावंतांशी जे झाले ते आपण दुसऱ्यांशी करू नये.

आणखी दोन सापळे आहेत. इंटरनेटवरून घेतलेल्या लूपचा परवाना लायब्ररीला विकण्यास मुभा देतो का, ते तपासावे. आणि तेच गाणे आधी एखाद्या वितरकामार्फत यूट्यूबच्या कंटेंट आयडीत नोंदवले असेल, तर ते लायब्ररीला देऊ नये. परवाना घेतलेल्या ग्राहकालाच सूचना जाते. एआयने संगीत बनवले असल्यास अनेक ठिकाणी ते आधी सांगावे लागते.

करार वाचताना

करार दोन प्रकारचे असतात. एकाधिकाराचा केला तर तो तुकडा दुसऱ्या कुणाला देता येत नाही. दुसऱ्या प्रकारात देता येतो. मुदत किती, प्रदेश कोणता, पैसे एकरकमी की दर वापराला, हे तीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारावेत. आपल्या कायद्यानुसार हक्क देण्याचा करार लेखी आणि सही केलेलाच असावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतील समान हिस्सा सुरक्षित केला. तो हक्क वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांच्याशिवाय कुणाला देऊन टाकता येत नाही. पण कराराला परदेशी कायदा लागू असेल, तर या संरक्षणावर विसंबून राहू नये.

अशी रॉयल्टी गोळा करणारी गीतकार-संगीतकारांची संस्था म्हणजे आयपीआरएस, स्थापना १९६९. सभासद होण्याआधी आपली लायब्ररी ते चालवून घेते का, हे विचारावे. काहींना सोसायटीत न नोंदवलेले संगीतच लागते. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, हक्क निर्मितीबरोबरच येतो. तरीही पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. संगीतकृतीच्या नोंदणीचे शुल्क ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाचे २,००० रुपये आहे. अमेरिकी कंपनीकडून पैसे येणार असतील तर डब्ल्यू-८बेन हा फॉर्म भरावा, नाहीतर तिथे ३० टक्के कर कापला जाऊ शकतो.

सगळेच विकायचे का?

शेवटचा प्रश्न आम्हाला सर्वांत मोठा वाटतो. लायब्ररीतून परवाना कोण घेईल हे आपल्या हातात नसते. तुमची हलगी उद्या दारूशी जोडलेल्या जाहिरातीत वाजेल, किंवा तुम्हाला न पटणाऱ्या पक्षाच्या प्रचारात. काही करारांत राजकीय, धार्मिक वा मद्याच्या वापराला मनाई मागता येते. ती मागावी आणि लेखी घ्यावी. बहुतेक ठिकाणी नवख्याला ती मिळत नाही. म्हणून आम्ही मुलांना सांगतो की वंदना, बाबासाहेबांवरची गाणी, चळवळीचे पोवाडे लायब्ररीत टाकू नका. ते आपल्या नावाने, आपल्या चॅनेलवर, मालकी राखून प्रसिद्ध करा. लायब्ररीसाठी शब्दांविना, वेगळे संगीत करा. हातातली कला तीच राहते, फक्त कुठला तुकडा बाजारात जाईल हे आपण ठरवतो.

पैसे लगेच येत नाहीत. अनेकदा उत्तरही येत नाही. नोकरी सोडून या मागे लागू नये. सुरुवात म्हणून या महिन्यात एकच करा : तुमच्या लॅपटॉपमधील तीन तुकडे निवडा, मित्रांना बसवा आणि हिस्स्याच्या कागदावर सह्या घ्या. डेमो त्यानंतर.