मुंबई-गोवा क्रूझ : केबिन स्वस्त घेतली तरी जेवण तेच, पण बुकिंगआधी हे तपासा

कोकणातली जुनी माणसं आगबोट अजून विसरलेली नाहीत. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' या बोटींतून मुंबई-गोवा प्रवास करताना अनेकजण डेकवरच पथारी पसरायचे आणि घरून बांधून आणलेलं खायचे. ती सेवा बंद पडली. २०२१ पासून त्याच समुद्रातून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' हे जहाज पर्यटकांना नेतं. १९९० मध्ये बांधलेलं हे जहाज ११ मजली आहे. मोबाईलवर त्याच्या जाहिराती पाहून आता गावाकडूनही बुकिंग होतं. पण जाहिरातीत दिसणारी बाल्कनीवाली खोली आणि सगळ्यात कमी भाड्यात मिळणारी खोली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सगळ्यात स्वस्त ती 'इंटिरियर' केबिन. तिला खिडकी नसते. दिवा बंद केला की दिवसाही काळोख. जागा साधारण १२० चौरस फूट, म्हणजे गावाकडच्या माजघराहून लहानच. एसी, टीव्ही, स्वतंत्र संडास-बाथरूम असतं, पण बादली-तांब्या नाही, शॉवरच. संडासात कागदाशिवाय काही टाकू नये, पाइप तुंबतो. चौघांची खोली घेतली तर वरचे दोन बेड भिंतीतून किंवा छतातून खाली येतात आणि शिडीने चढावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना खालचा बेड द्यायचा हे आधीच ठरवा. 'ओशन व्ह्यू'ला खिडकी असते, पण ती उघडत नाही. बाल्कनी फक्त महागड्या सूटला.

एक-दोन रात्रींसाठी खिडकीचे जादा पैसे मोजावेत का? बहुतेकांना गरज नाही. समुद्र डेकवरून सगळ्यांना सारखाच दिसतो, आणि खोलीत माणूस झोपण्यापुरताच असतो. ज्यांना बंद जागेत घाबरल्यासारखं होतं, त्यांनी मात्र इथे काटकसर करू नये. बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन मागावी. पुढच्या टोकाला आणि वर हेलकावे जास्त बसतात.

जेवणात मात्र स्वस्त-महाग असा भेद फारसा नाही. सकाळचा नाश्ता, दुपारचं आणि रात्रीचं जेवण भाड्यातच येतं. बुफेत हवं तेवढं वाढून घ्या, पण वेळा ठरलेल्या असतात. उशिरा गेलं तर रिकामी भांडी. व्हेज, नॉनव्हेज आणि जैन जेवण मिळतं. जैन जेवण बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा. कोकणचा समुद्र म्हणून मालवणी माशाच्या ताटाची आशा मात्र धरू नये. पनीर, डाळ, पुलाव अशा हॉटेली जेवणाचीच तयारी ठेवा. बाहेरचं जेवण किंवा दारू आत नेऊ देत नाहीत. लहान बाळाच्या खाण्याचं आधी विचारून घ्या.

बोट लागेल म्हणून उपाशी राहणं उलट त्रासाचं. थोडं, कोरडं, कमी तेलाचं खावं. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून जहाज सुटण्याआधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फार उपयोग होत नाही. बुफेला जाताना साबणाने हात धुवा. एका छताखाली इतकी माणसं जेवतात, तिथे पोटाचा आजार झपाट्याने पसरतो.

पैशांचा घोळ होतो तो इथे. जाहिरातीतलं भाडं 'माणशी' असतं आणि तेही एका केबिनमध्ये दोघं धरून. एकटा माणूस गेला तर जवळपास दुप्पट पडू शकतं. त्यावर जीएसटी, बंदर शुल्क आणि सेवा शुल्क येतं. दारू, बाटलीबंद शीतपेयं, काही खास रेस्टॉरंट यांचं बिल वेगळं. जहाजावर खर्च केबिनच्या कार्डावर चढत जातो आणि शेवटी एकदम समोर येतो, त्यामुळे पोरांच्या हातात ते कार्ड देऊ नका. एजंटकडून "सगळं धरून किती?" याचं उत्तर व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. पैसे कुणाच्या खासगी नंबरवर पाठवू नका. पावतीवर केबिनचा प्रकार लिहिलेला हवा.

किनारा सुटला की मोबाईलची रेंज जाते. जहाजाचं सागरी नेटवर्क फोनने आपोआप पकडलं तर रोमिंगचं बिल येऊ शकतं, म्हणून चढताच फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि घरी तसं आधीच सांगून ठेवा.