बिब्बा उततो, तशी गोळीही उतते

हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या जुन्या माणसांना बिब्बा चांगला ठाऊक आहे. पायात काटा मोडला, टाचेला भेग पडली, की बिब्ब्याचा चटका द्यायचा, ही जुनी रीत. पण एखाद्याच्या अंगाला तो मानवत नाही. पुरळ उठते, सूज येते, खाज सुटते. मग घरची म्हातारी म्हणते, "ह्याला बिब्बा उतला." पुढे त्या माणसाला कोणी बिब्बा लावत नाही. या एका शब्दात केवढे शहाणपण आहे पाहा! जे औषध दहांना गुण देते, ते अकराव्याला अपाय करू शकते. आणि ज्याला अपाय झाला, त्याची आठवण ठेवायची असते. डोकेदुखीच्या गोळीचा इतिहासही असाच आहे.

गोळी येण्यापूर्वी आपल्याकडे कपाळाला सुंठेचा लेप होता, डोक्याला घट्ट फडके बांधणे होते. 1893 साली मुंबईत काशिनाथुनी नागेश्वरराव पंतुलू यांनी 'अमृतांजन' काढले आणि बाम घरोघर गेला. मग आली पोटात घ्यायची गोळी.

तिची सुरुवात झाली वाळुंजाच्या जातीच्या झाडापासून. 1763 साली एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने या झाडाची साल वाळवून, कुटून तापकऱ्यांना दिली व गुण आल्याचे लिहून ठेवले. 1897 साली जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत फेलिक्स हॉफमन यांनी त्याच कुळातले औषध शुद्ध रूपात तयार केले आणि 1899 पासून ते 'अ‍ॅस्पिरिन' या नावाने जगभर गेले. डोके उतरले, ताप उतरला, लोक खूश झाले. पण 1922 साली पॅरिसचे विदाल आणि त्यांचे सहकारी यांनी नोंद केली, की दम्याच्या काही रोग्यांना या गोळीने एकाएकी धाप लागते. 1938 साली लंडनच्या डॉक्टरांनी नळी घालून रोग्यांची जठरे पाहिली, तेव्हा गोळी जिथे टेकली तिथे आतली त्वचा लाल झालेली, काही ठिकाणी रक्त आलेले दिसले. गोळी बाजारात आल्याला तोवर जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती!

दुसऱ्या एका औषधाची गोष्ट याहून कठीण आहे. अमिडोपायरिन नावाची वेदनाशामक गोळी जोरात खपत होती. 1930 नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या ध्यानात आले, की ती घेणाऱ्यांपैकी काहींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाहीशा होतात, घसा सडल्यासारखा होतो आणि माणूस दगावतो. असे थोड्यांनाच होई, म्हणूनच ते लवकर कळले नाही.

तिसरे औषध फेनासिटिन. स्वीडनमध्ये हुस्कवार्ना गावात शस्त्रांचा कारखाना होता. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तिथल्या कामगारांना फेनासिटिनची पूड मिळाली. साथ गेली, पण पुडी राहिली. अंग हलके वाटते, काम उरकते, म्हणून माणसे ती रोज घेऊ लागली. पुढे कित्येकांचे मूत्रपिंड निकामी झाले. त्याचा शास्त्रीय वृत्तांत 1963 साली प्रसिद्ध झाला. कापूस वेचायला किंवा हळद काढायला जाण्याआधी, दुखत नसतानाही "असू द्या एक" म्हणून गोळी घेणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आपल्या देशात औषधांचा कायदा 1940 साली झाला. अमिडोपायरिन आणि फेनासिटिन या दोन्हींवर 1983 साली बंदी आली. निमेसुलाइड हे औषध बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यास 2011 साली मनाई झाली. आणि 2010 पासून औषधांच्या अपायांची देशभर नोंद ठेवण्याचे काम सुरू झाले. 1800-180-3024 या बिनखर्ची दूरध्वनीवर रोगी स्वतःसुद्धा आपला अपाय कळवू शकतो. बिब्बा उतलेल्याची आठवण म्हातारी ठेवीत असे, तेच हे काम. फक्त घराऐवजी देशाचे.

आता तुम्ही विचाराल, मग डोके दुखले तर करायचे काय? आधी कारण पाहा. उन्हातून आला असाल तर सावलीत बसा, पाणी प्या. उपास असेल तर काही खा. झोप अपुरी असेल तर झोपा. अक्षर पुसट दिसत असेल तर डोळे तपासून घ्या. सुंठेचा लेप लावायला हरकत नाही. मात्र आग झाली की लगेच धुवा, आणि तो डोळ्यांजवळ नको. बाम पोटात घ्यायचा नसतो आणि तान्ह्या मुलाला लावायचा नसतो. एवढ्याने भागले नाही तर पुष्कळांना पॅरासिटामॉल चालते. पण तेही मापाने. धडधाकट मोठ्या माणसाने दिवसात चार ग्रॅमची, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांची मर्यादा कधीही ओलांडू नये. दारू पिणाऱ्याने किंवा यकृताचा आजार असणाऱ्याने डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. सर्दीच्या गोळीतही पुष्कळदा हेच औषध असते, तेव्हा दोन्ही मिळून हिशेब धरा. आणखी एक नवल ऐका. नेहमी डोके दुखणाऱ्या माणसाने महिन्यात पंधरा-पंधरा दिवस गोळ्या घेतल्या, आणि असे तीन महिने चालले, तर गोळीच डोकेदुखी आणू लागते! मिश्र गोळीला दहा दिवसही पुरतात.

गोळीनंतर अंगावर गांधी उठल्या तर ती पुन्हा घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. ओठ सुजले, धाप लागली, काळी शौच झाली, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. डोके एकाएकी फुटल्यासारखे दुखले, तापाबरोबर मान ताठली, एक बाजू लुळी पडली किंवा गरोदर बाईचे डोके फार दुखले, तर गोळीच्या भरवशावर बसू नका.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शाळेत मुलाचे डोके दुखले तर स्वतःच्या खिशातली गोळी देऊ नका. अ‍ॅस्पिरिन तर मुलांना डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मुळीच देऊ नये. ज्या मुलाला एखादे औषध उतलेले आहे, त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर त्या औषधाचे नाव ठळक अक्षरात लिहून घ्या. "पांढरी गोळी" असे नव्हे, पाकिटावरचे नाव. पालकांनाही तेच नाव पाठ करायला लावा. वर सांगितलेली प्रत्येक घातक गोळी कोणीतरी नाव, दिवस आणि लक्षण लिहून ठेवले म्हणूनच ओळखता आली. ती एक ओळ उद्या एखाद्या पोराचा जीव वाचवील.