आगाशीची मुले कॉलेजात कशी गेली

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६७ साली विरारहून मुंबईस आगगाडी धावू लागली. आगाशीकरांना कॉलेजची वाट दिसली ती तेव्हापासून. विद्यापीठ आणि रूळ बाहेरून आले; बाकीचा भार घरांनी उचलला. वाडीतली केळी, विड्याची पाने, सुकेळी विकून फी भरायची. पहाटे चूल पेटवून डबा द्यायचा आणि मुलाने अंधारात विरार स्टेशन गाठायचे. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली, तेव्हा रोज जाऊन-येऊन शिकणे काहीसे सुसह्य झाले.

मुलींची गोष्ट निराळी. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले होते, तरी आमच्या लहानपणीही कित्येक हुशार मुली शालान्त परीक्षेनंतर घरी बसत. मुलगी संध्याकाळच्या गाडीने सुखरूप परतेल ना, हा वडिलांना घोर. माझ्या आईने तो घोर स्वतःकडे घेतला. रोज दिवेलागणीला ती एस. टी. च्या थांब्यावर येऊन उभी राही. म्हणून मी शिकले.

१९७१ साली वसईस अण्णासाहेब वर्तक महाविद्यालय निघाले आणि पुष्कळ मुलींची अडलेली वाट सुटली.

भगिनींनो, आता प्रवेशाचे अर्ज संगणकावर भरतात, शिकवणीची फीही आपण काटकसर करून भरतो. मात्र शाखा ठरविताना मुलीला तिचे मन विचारावे. तेवढी सोबत तिला आजही हवी आहे.