आमच्या घरचा बाजार : व्ही. पी. पासून मोबाईलपर्यंत



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हणजे राजेरजवाड्यांचा, तो आपण काय लिहावा? तेव्हा बाई म्हणाल्या, “अहो, तुमच्या घरात सामान कसकसे येत गेले तेवढे लिहा. तोही इतिहासच.” म्हणून हे धाडस. तारखा व साले लेकीकडून तपासून घेतली आहेत. चुकले-माकले तर पदरात घ्यावे.

मी २००१ साली लग्न होऊन साताऱ्यास आले. तेव्हा आमच्या आजेसासूबाई हयात होत्या. त्यांच्या पेटीत विणकामाच्या सुयांचा एक जोड व नमुन्यांचे पुस्तक जपून ठेवलेले होते. ते त्यांनी १९५८ च्या सुमारास मुंबईहून व्ही. पी. ने मागविले होते. वर्तमानपत्रातील जाहिरात पाहून कार्ड टाकले, पंधरा दिवसांनी पोस्टमन दारात उभा! दूध विकून साठविलेले पैसे मोजून त्यांनी पार्सल सोडविले. मामंजींचे वडील म्हणाले, “न पाहिलेल्या वस्तूला पैसे मोजावयाचे म्हणजे आंधळा कारभार!” पण आजींनी त्या सुयांवर घरातील पाच पोरांचे स्वेटर विणले.

ही व्ही. पी. ची सोय आपल्या देशात १८७७ साली सुरू झाली, आणि मनीऑर्डर १८८० साली. तिकडे अमेरिकेत शिकागो येथे माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या गृहस्थाने १८७२ सालीच वस्तूंची यादी छापून खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांना टपालाने माल पाठविण्यास आरंभ केला होता. तेथील गावचे दुकानदारही त्याच्यावर रागावले होते म्हणे. म्हणजे घरबसल्या खरेदी आणि त्यावरून होणारी कुरकुर, दोन्ही काही आजची नव्हेत. पार्सलातून भलतीच वस्तू निघाल्याच्या गोष्टी आजीही सांगत.

पण रोजचे वाणसामान मात्र पेठेतूनच यावयाचे. तेथेही सारे सोन्यासारखे होते असे कुणी समजू नये. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर पैसे झाले. पुढे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर जाऊन किलो आला. शेर हा किलोहून थोडा कमी. आजी सांगत की, त्या घोळात काही दुकानदार किलोचा भाव लावून शेराचे माप घालीत आणि बायकांना हिशेब कळत नाही म्हणून हसत. आजींनी तेव्हा घरी तराजू आणला होता.

त्याआधी १९४३ साली मुंबईत रेशनिंग आले, आणि रांगेत उभे राहणे हा बायकांच्या दिवसाचा भागच झाला. पुढे १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास महागाई अशी भडकली की, तेल, साखर, रॉकेल मिळेना. तेव्हा मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांच्यामागे हजारो गृहिणी लाटणी घेऊन, थाळ्या वाजवीत रस्त्यावर आल्या. ज्या बाया भाजीवाल्याशीसुद्धा हळू बोलत, त्या मंत्र्यांना जाब विचारू लागल्या. माझी मावशी विलेपार्ल्यास राहात असे. तीही एका मोर्चाला गेली होती. ते लाटणे तिने पुढे कधी बदलले नाही.

त्याच मावशीकडून मी ग्राहक पंचायतीविषयी ऐकले. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक चळवळ उभी केली, आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिची रीत मोठी नामी. दुकान नाही, गल्ला नाही. शेजारपाजारच्या काही कुटुंबांनी मिळून एक गट करावयाचा, महिन्याची यादी भरून द्यावयाची, पंचायतीने घाऊक माल खरेदी करून पाठवावयाचा, आणि बायकांनी एकीच्या घरी जमून तो वाटून घ्यावयाचा. हीसुद्धा घरबसल्या मागणीच. पण त्यात शेजारीण होती. एकीची डाळ कमी आली तर दहाजणी बोलत.

आता आपल्या डोळ्यांदेखतचे. २००७ साली बंगलोरास फ्लिपकार्ट निघाली. प्रथम ती नुसती पुस्तके विकी. २०१० पासून तिने वस्तू दारात आल्यावर पैसे द्यावयाची सोय केली. आजींची व्ही. पी. च ती, फक्त पोस्टमन बदलला. २०१३ साली अमेझॉनचे दुकान भारतात उघडले. २०१६ साली यूपीआय आले आणि मोबाईलवरून पैसे देता येऊ लागले. माझ्या लेकीने मला हे सारे शिकविले.

खरे सांगते, मला ते आवडले. बायकांच्या अडचणीच्या वस्तू पुरुष गिऱ्हाइकांच्या गर्दीत हळूच मागावयाच्या, दुकानदाराने त्या वर्तमानपत्रात गुंडाळून चोरीचा माल असल्यासारख्या द्यावयाच्या, हे मी वीस वर्षे सोसले. मोबाईलने तो संकोच संपविला. जी बाई दुखण्याने घराबाहेर पडू शकत नाही, तिला तर हे मोठेच साहाय्य आहे.

परंतु २०२० सालचा मार्च आठवावा. २५ तारखेपासून देश बंद झाला. यजमानांचे काम थांबले, मामंजी अंथरुणावर. मोबाईलवरील दुकाने आमच्या पेठेत माल पोचविण्यास तयार नव्हती. तेव्हा कोपऱ्यावरचे वाणीकाका यादी विचारून पिशवी दाराशी ठेवून जात. पैशाचे नाव त्यांनी काढले नाही. सहा महिन्यांची उधारी आम्ही दिवाळीनंतर हप्त्याहप्त्याने फेडली. व्याज नाही, तगादा नाही.

आणि मी काय केले? दोन वर्षांनी दिवाळीचे सगळे सामान मोबाईलवरून मागविले. दोनअडीचशे रुपये वाचत होते. पार्सल आले त्या दिवशी मी घरी नव्हते. पोराने ते कोणाकडे ठेवावे? वाणीकाकांच्या दुकानात! संध्याकाळी मी खाली मान घालून आणावयास गेले. काका एवढेच म्हणाले, “वहिनी, पाऊस आला होता, म्हणून आत ठेवले.” बोलले असते तर बरे वाटले असते. त्या रात्री मला झोप आली नाही.

चार दिवसांनी मी धीर करून त्यांना विचारले, “काका, तुमच्याकडे महाग का पडते?” त्यांनी घाऊक व्यापाऱ्याचे बिलच समोर ठेवले. साबणाची जी वडी मला मोबाईलवर ज्या भावाने मिळाली, त्याहून जास्त भावाने त्यांना स्वतःलाच मिळत होती. एकदम हजारो पेट्या उचलणाऱ्याला एक भाव, आणि दोन पेट्या घेणाऱ्याला दुसरा. उलट सुटी डाळ, गूळ, पोहे त्यांच्याकडे स्वस्त होते. मी ते कधी ताडून पाहिलेच नव्हते.

आता मोबाईलवर फसगत झाली तर गप्प बसू नये हेही सांगते. आपल्या मंडळातील एकीला साडी म्हणून भलतेच फडके आले होते. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २०२० पासून लागू आहे. त्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विकणारा कोठलाही असो. मोबाईलवरील दुकानाने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावयाची व महिन्यात निकाल लावावयाचा, असा नियम आहे. १९१५ या क्रमांकावर सरकारी साहाय्यही मिळते. बिल व पार्सलाचे वेष्टन मात्र टाकून देऊ नये.

मोबाईल वाईट आणि दुकान चांगले, असे मला म्हणावयाचे नाही. दुकानदारांनीही बिल द्यावे, छापील किंमत दाखवावी, आणि अडचणीची वस्तू कागदात न गुंडाळता सरळ हातात द्यावी. वाणीकाकांना मी हे सांगितले, व त्यांनी मानले.

माझी मंडळाला एकच सूचना आहे. एकटी बाई मागते म्हणून तिला एक भाव, आणि एकटा दुकानदार उचलतो म्हणून त्याला दुसरा. पार्ल्याच्या बायकांनी १९७५ नंतर जे केले, ते आपण थोडे बदलून करू. महिन्याच्या २५ तारखेस प्रत्येकीने आपली यादी मंडळाच्या वहीत लिहावी, आणि ती एकत्र मागणी पेठेतल्याच दुकानदाराकडे द्यावी. पेट्या जास्त उचलल्या की त्यालाही भाव मिळेल, व त्यातील वाटा आपण मागून घेऊ. जे पेठेत मिळत नाही ते खुशाल मोबाईलवर घ्यावे.

वही मी आणून ठेवली आहे. पहिल्या पानावर माझी यादी आहे. दुसरे पान कोण भरते ते पाहावयाचे.