बर्फाखाली तेहतीस वर्षे थांबलेली चित्रे

घराची आवराआवर निघाली, की माळ्यावरून कधीतरी एखादा जुना कॅमेरा खाली येतो. कव्हरचे चामडे भेगाळलेले असते, पट्टा तुटलेला असतो. आगफा क्लिक थ्री असेल, नाहीतर नंतरच्या काळातला हॉटशॉट. घरातले कोणीतरी म्हणते, ‘अरे, यात रोल आहे वाटतं!’ आणि बोलता बोलता मागचे झाकण उघडले जाते. तेवढ्या एका क्षणात एखादे लग्न, एखादी सहल, आज हयात नसलेला एखादा चेहरा कायमचा पुसला जातो. काय गेले ते कोणाला कळतही नाही.

आज या न धुतलेल्या रोलविषयीच थोडे बोलू या.

फिल्मच्या पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्या थरात चांदीच्या क्षाराचे अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात. आपण बटण दाबतो तेव्हा ज्या कणांवर पुरेसा प्रकाश पडतो, त्यांच्यात चांदीचे काही मोजके अणू सुटे होतात. डोळ्यांना यातले काहीच दिसत नाही. शास्त्रज्ञ याला सुप्त प्रतिमा म्हणतात. डार्करूममध्ये फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवली, की अशी खूण असलेले कण पुरते काळ्या चांदीत बदलतात आणि चित्र उमटते. बाकीचे क्षार हायपोमध्ये निघून जातात. हायपोतून बाहेर येईपर्यंत मात्र त्या पट्टीवर प्रकाशाचा कवडसासुद्धा पडून चालत नाही.

मग ही न दिसणारी खूण टिकते तरी किती दिवस? याचा सर्वांत गाजलेला दाखला उत्तर ध्रुवाच्या वाटेवरच्या एका निर्जन बेटावर मिळाला.

सालोमन आन्द्रे हे स्वीडनचे अभियंता. हायड्रोजन भरलेल्या फुग्यातून उत्तर ध्रुव गाठायचा, असा त्यांनी ध्यास घेतला होता. 11 जुलै 1897 रोजी स्पिट्सबर्गेनजवळच्या एका बेटावरून त्यांचा फुगा आकाशात चढला. सोबत क्नूट फ्रेंकेल हा 27 वर्षांचा अभियंता आणि निल्स स्ट्रिंडबर्ग हा 24 वर्षांचा तरुण. छायाचित्रणाची जबाबदारी स्ट्रिंडबर्गकडे होती आणि त्याचा कॅमेरा सुमारे सात किलो वजनाचा होता.

सुरुवातच अपशकुनी झाली. फुग्याला दिशा देण्यासाठी लोंबते सोडलेले दोर उड्डाणाच्या वेळीच बऱ्याच अंशी गळून पडले. पुढे धुके आणि ओलावा यांनी फुगा जड झाला. तो बर्फावर आपटत, पुन्हा उचलत, 14 जुलैला कायमचा खाली आला. ध्रुव अजून साडेसातशे किलोमीटरांहून अधिक दूर होता. निरोप घेऊन निघालेले एक कबुतर एका नॉर्वेजियन जहाजावरच्या माणसांच्या हाती लागले. त्यानंतरच्या दिवसांची या तिघांची कसलीच खबर आली नाही. त्यांचे काय झाले असेल, याचे तर्क सबंध स्वीडन तेहतीस वर्षे करीत राहिला.

ऑगस्ट 1930 मध्ये ‘ब्राटवोग’ नावाचे नॉर्वेजियन जहाज क्वितोया, म्हणजे ‘पांढरे बेट’, येथे पोचले. या बेटाभोवती एरवी बर्फाचा वेढा असतो. त्या उन्हाळ्यात वाट मोकळी मिळाली. किनाऱ्यावर एक होडी आणि सामान दिसले. मग आन्द्रे आणि स्ट्रिंडबर्ग यांचे अवशेष सापडले. स्ट्रिंडबर्गचा देह खडकाच्या कपारीत दगड रचून झाकलेला होता. याचा अर्थ उघड होता. तो आधी गेला आणि त्याला मूठमाती देणारे मागे होते. पुढच्या महिन्यात पत्रकारांनी भाड्याने घेतलेले दुसरे जहाज तेथे गेले. त्यांना फ्रेंकेलचे अवशेष मिळाले आणि पत्र्याच्या डब्यांत जपून ठेवलेली फिल्मही मिळाली.

ही फिल्म स्टॉकहोमच्या तंत्रविज्ञान संस्थेत जॉन हर्ट्झबर्ग यांच्याकडे आली. योगायोग असा, की स्ट्रिंडबर्ग एकेकाळी याच संस्थेत काम करीत असे. हर्ट्झबर्ग यांच्यापुढचा पेच समजून घ्या. ओल लागलेले जिलेटिन फुगते, मऊ पडते आणि गुंडाळीच्या शेजारच्या वेढ्याला चिकटते. ओढले तर थर सुटून येतो. डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवावे तर सगळी पट्टी काळवंडते, कमी वेळ ठेवावे तर चित्र उमटत नाही. आणि एकदा चुकले की दुसरी संधी नाही. सबंध देश निकालाकडे डोळे लावून बसलेला असताना त्यांनी हे काम केले. सुमारे 240 छायाचित्रांच्या त्या फिल्ममधून 93 चित्रे वाचली.

त्यांतले एक चित्र पुढे जगभर छापले गेले. बर्फाच्या सपाट पसाऱ्यावर प्रचंड फुगा कुशीवर कलंडला आहे आणि आन्द्रे व फ्रेंकेल त्याच्याकडे पाहत उभे आहेत. चित्रावर ठिपके आहेत, डाग आहेत. तरीही माणसे ओळखू येतात. इतर चित्रांत ती घसरगाड्या ओढताना दिसतात, मारलेल्या अस्वलाजवळ उभी दिसतात. फुगा पडल्यानंतर ही माणसे आठवडेच्या आठवडे सरकत्या बर्फावरून चालली, हे त्यांच्या रोजनिशीत लिहिलेले आहे. पण त्या चालण्याला चेहरा दिला तो या चित्रांनी.

ती मेली कशाने, हा वाद मात्र चित्रांनी मिटवला नाही. 1952 मध्ये एका डॅनिश डॉक्टरांनी अस्वलाच्या कच्च्या मांसातून होणाऱ्या कृमिरोगाकडे बोट दाखवले. इतरांनी थंडी, थकवा, चुलीचा विषारी वायू अशी कारणे दिली. कॅमेरा धरणाराच आधी गेला होता. अखेरच्या दिवसांची चित्रे काढायला कोण उरले होते? चित्रांतून कळते ते एवढेच, की वाट चुकलेली, दमलेली ही माणसे आपले काम करीत राहिली. सात किलोंचा कॅमेरा आणि काढून झालेली फिल्म त्यांनी वाटेत टाकून दिली नाही. आपण परत जाऊ आणि ही चित्रे लोकांना दाखवू, असे त्यांना वाटत असले पाहिजे.

फिल्म टिकली याचे मोठे श्रेय थंडीला आहे. उष्णता आणि दमट हवा सुप्त प्रतिमेच्या वैरिणी. वातावरणात सदैव असणारा किंचित किरणोत्सर्गही वर्षानुवर्षे फिल्मवर धुरकटपणा चढवतो. थंडीत उष्णता आणि दमटपणा यांनी होणारी झीज मंदावते. म्हणूनच एव्हरेस्टवरच्या एका कॅमेऱ्याची गिर्यारोहक अजून वाट पाहतात. 8 जून 1924 रोजी मॅलरी आणि आयर्विन शिखराकडे जाताना शेवटचे दिसले. त्यांच्याजवळ कोडॅकचा एक छोटा घडीचा कॅमेरा होता, असे मानले जाते. 1999 मध्ये मॅलरीचा देह सापडला, 2024 मध्ये आयर्विनचा बूट व पाय सापडला. कॅमेरा दोन्ही वेळा मिळाला नाही. तो कधी मिळालाच, तर हिलरी आणि तेनसिंग यांच्या आधी 29 वर्षे कोणी शिखरावर पोचले होते का, याचे उत्तर त्यातल्या काही इंच फिल्मवर असू शकेल.

आपल्या माळ्यावर बर्फ नाही. वैशाखाचे ऊन आणि आषाढाची ओल आहे. तेव्हा आपल्या रोलमधून सगळेच निघेल असे नाही. पण जुन्या कृष्णधवल रोलमधून कित्येक दशकांनंतरही ओळखू येण्याजोगी चित्रे निघाली आहेत. जुन्या रंगीत रोलचे रंग बहुधा बिघडतात. तरीही तो कृष्णधवल पद्धतीने धुतला तर कधीकधी चेहरे हाती लागतात. कोडॅक्रोमचे तसेच. तो रंगीत धुणाऱ्या जगातल्या शेवटच्या प्रयोगशाळेने 2010 च्या अखेरीस रोल घेणे बंद केले. आता त्यातून रंग निघत नाहीत, कृष्णधवल चित्र मात्र निघू शकते.

म्हणून असा कॅमेरा सापडला, तर उतावळ्या नवऱ्यासारखे गुडघ्याला बाशिंग बांधू नका. मागचे झाकण उघडू नका. रोल फिरवण्याची कळ घट्ट वाटली, तर जोर लावू नका. जुनी फिल्म कडक होऊन तुटते. कॅमेरा तसाच काळ्या कापडात गुंडाळा आणि ज्याला हाताने फिल्म धुता येते अशा माणसाकडे न्या. तो आधी एक छोटा तुकडा धुऊन पाहील, मग बाकीच्या फिल्मला हात लावील. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठेवा, हा कॅमेरा शेवटचा कोणी, कोठे वापरला होता. निघालेल्या पुसट चेहऱ्यांना नावे देणारे तेच असतात, आणि ते फिल्मइतके थांबू शकत नाहीत.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)